कातेमाको मागं राहिलं

अंपारो आणि लेओबार्दो यांचं लग्न झालं तेव्हा दोघांच्याही डोक्यात काळा केस शोधावा लागत होता. कोआतेपेकच्या नगरपालिकेत, चार माणसांसमोर सह्या करून झालेलं लग्न. लेओबार्दोच्या सुनेनं केक आणला, अंपारोची थोरली बहीण ओतिलिया पोटभर रडली, आणि संध्याकाळी धुक्यातून वाट काढत सगळे आपापल्या घरी गेले. नव्या जोडप्यानं कुठं तरी जाऊन यावं, ते तेवढं राहून गेलं होतं. फेब्रुवारीत ते जमलं. सुनेनं कातेमाकोच्या तळ्याकाठी एका हॉटेलात खोली ठरवून दिली, आणि तिथं जायचं कसं यावरून दोघांचं लग्नानंतरचं पहिलं भांडण जुंपलं.

"गाडी भाड्यानं घेऊ," लेओबार्दो म्हणाला. "माझी पिकअप काही एवढ्या लांब यायची नाही. ती बाजारापर्यंत येते तेच उपकार करते."

"बसनं जाऊ," अंपारो म्हणाली.

"लग्नाच्या बायकोला बसमध्ये कोंबून नेऊ?"

"कोंबायला मी काय बटाट्याचं पोतं आहे? तिकीट काढून बसेन."

लेओबार्दो ऑर्किड वाढवायचा. कोआतेपेकच्या वरच्या अंगाला, ओकच्या झाडांखाली त्याची रोपवाटिका होती, आणि तो बोलायचाही रोपांसारखाच, हळू, दिवसाला एखादं पान काढल्यासारखा. अंपारोचं जवळच्या हलापा शहरात वह्यापेन्सिलींचं दुकान होतं. कुंड्यांना लावायच्या चिठ्ठ्या आणि सुतळी घ्यायला तो तिथं यायचा. पहिली बायको होती तेव्हाही यायचा, ती गेल्यावरही येत राहिला, आणि एकदा त्याच्या लक्षात आलं की घरात सुतळीचे इतके गुंडे साठलेत की त्यांनी सगळं कोआतेपेक बांधून काढता येईल. तेव्हा त्यानं विचारलं. इतकी वर्षं ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. लग्नानंतर 'तू'वर आली, पण रागावली की 'तुम्ही' पुन्हा तोंडात येई.

"तुम्हाला बसचं एवढं वावडं का?" तिनं विचारलं. म्हणजे राग आला होता.

लेओबार्दोनं कॉफीच्या कपात पाहिलं. "गाडीत आपण दोघंच असू. वाटेत थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. एखाद्या झाडावर फूल दिसलं तर उतरून बघता येतं. बसमधून फूल दिसतं आणि जातं." मग जरा वेळानं म्हणाला, "आणि मला तुला न्यायचंय. मी. स्वतः."

हे ऐकून अंपारोचा राग निम्मा उतरला, पण हट्ट जागचा हलला नाही. गाडीत कसला तरी वास येतो, भाड्याच्या गाडीवर भरवसा कसा ठेवायचा, वाटेत पोलीस अडवतात, असं काहीबाही ती सांगत राहिली. त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. लेओबार्दोला ते कळत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारं माणूस तो ओळखायचा. सुतळी घ्यायला जाण्यात त्याची हयात गेली होती.

ओतिलियाला विचारलं तर तिनं गाडीचीच बाजू घेतली. "गाडीच करा गं. या वयात बसमध्ये पाय सुजतात. आणि तू तर काय, तुला चालवताही येते. हे दमले की तू बस चाकावर."

"तुला चालवता येते?" लेओबार्दोनं विचारलं.

"येते," अंपारो म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

एका शनिवारी तो तिला हलाप्यातल्या भाड्यानं गाड्या देणाऱ्या दुकानात घेऊन गेलाच. नुसतं बघायला, म्हणाला. बाहेर नेहमीची बुरबुर चालू होती, छत्री उघडावी तर पाऊस नाही आणि मिटावी तर केस ओले. दुकानदार बारीक अंगाचा, मोठा टाय लावलेला गृहस्थ होता. त्यानं एक लहानशी पांढरी गाडी दाखवली आणि म्हणाला, "एक चक्कर मारून या, काका. काकूंना बसवा शेजारी. गाडी आणि बायको, बसल्याशिवाय कळत नाही." स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला.

लेओबार्दोनं गाडी शहरातल्या तळ्यांच्या बाजूच्या उतारावरून हळू काढली. तो चांगली चालवत होता. खरं म्हणजे फारच चांगली चालवत होता. प्रत्येक चौकात थांबत होता, आजीबायांना रस्ता ओलांडू देत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, ऑर्किडला पहिली कळी आल्यावर यायचं तसं, दाबून ठेवलेलं हसू होतं. काचेवर पाण्याचे बारीक थेंब जमायचे, पुसले जायचे. झाडं धुक्यातून यायची आणि धुक्यात जायची. मग त्यानं सहज खाली पाहिलं.

"अंपारो," तो म्हणाला, "तुझा पाय काय करतोय?"

तिचा उजवा पाय गाडीच्या तळाला दाबलेला होता. समोर कुत्रं आलं, तिचा पाय दाबला गेला. वळण आलं, पुन्हा दाबला. जिथं ब्रेक असायला हवा होता आणि नव्हता, तिथं ती आपली मनापासून ब्रेक लावत बसली होती.

त्यानं गाडी एका मोठ्या झाडाखाली उभी केली.

"मी वाईट चालवतो का?"

"नाही. छान चालवतोस."

"मग?"

अंपारो काचेतून बाहेर बघत राहिली. तळ्यात बदकं होती, पण धुक्यामुळं पाणी दिसत नव्हतं; बदकं हवेतच तरंगल्यासारखी वाटत होती.

"आमच्या घरात गाडी मीच चालवायची," ती म्हणाली. "आधी बाबा आजारी होते, मग आई. दोघांनाही प्वेब्लाच्या मोठ्या डॉक्टरकडं न्यावं लागायचं. लास बिगासच्या घाटावरून जायचं. तिथलं धुकं तुला माहीत आहे. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तर दिसला. पहाटे निघायचो. ताई शेजारी बसायची आणि घाट लागायच्या आत झोपायची. आई मागं झोपायची. भाचरं असली तर तीही झोपायची. माझ्या गाडीत बसलं की माणसाला झोपच लागायची, असं सगळे म्हणायचे. कौतुकानं म्हणायचे. अंपारोची गाडी म्हणजे पाळणा."

"आणि तू जागी."

"मी जागी. कोणी तरी जागं राहायलाच हवं ना. आई गेल्यावर मी गाडी विकून टाकली. पण पाय काही विकता येत नाही. अजूनही रात्री डोळा लागत नाही. पडते, आणि वाटतं पुढं वळण आहे."

लेओबार्दोनं दोन्ही हात चाकावरून खाली घेतले. "म्हणून तर मी चालवतो ना. तू झोप."

"तू चालवशील आणि मी तुझ्याबरोबर चालवेन. ही बघ, आत्ताच चालवतेय." तिनं पाय उचलून दाखवला. "बसमध्ये तसं होत नाही. तिथं चालवणारा आपला कोणी नसतो."

बुरबुर थांबली, पुन्हा सुरू झाली. मग लेओबार्दोनं गाडी वळवली आणि दुकानात नेऊन किल्ली परत दिली.

"का हो काका, आवडली नाही?" दुकानदारानं विचारलं.

"गाडी उत्तम आहे," लेओबार्दो म्हणाला. "आम्हाला झोपायचंय."

दुकानदाराला काही कळलं नाही. त्यानं टाय नीट केला.

तरी निघायच्या दिवशी लेओबार्दो थोडा फुरंगटलेलाच होता. मनात रंगवलेलं चित्र असं एका सकाळीत पुसता येत नाही. बसस्थानकावर ओतिलिया पोचवायला आली होती. तिनं केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाल बांधून आणले होते आणि तोंडानं "गाडी केली असती तर" चालू होतं. बस जुनी होती, गावोगावी थांबत जाणारी. पुढच्या काचेवर संताची तसबीर, तिच्याभोवती प्लास्टिकच्या फुलांची माळ. चालक जाडजूड माणूस होता, मानेला टॉवेल गुंडाळलेला. त्यानं दोघांकडं वळूनही पाहिलं नाही, आणि अंपारोला ते फार बरं वाटलं.

हलापा सुटलं तेव्हा काचेबाहेर नुसता ढग होता. मग रस्ता उतरू लागला आणि ढग वर राहिला. खाली ऊन होतं. माणसं एकेक करून स्वेटर काढू लागली. सगळ्या बसमध्ये हात वर, डोकी लोकरीत अडकलेली, जणू एकाच वेळी सगळे कोषातून बाहेर येत होते. आंब्याची झाडं लागली. मग ऊस. मैलच्या मैल ऊस, आणि त्यात मध्येच पांढरे बगळे, कोणी तरी रुमाल विसरून गेल्यासारखे. कुठं दूर उसाचा पाला जाळत होते. त्याची काळी राख हवेत उंच चढली होती आणि फार सावकाश, घाई नसल्यासारखी, खाली येत होती.

अंपारोचा पाय सुरुवातीला दोनतीनदा हलला. मग एका गावात बस थांबली, चालक उतरून कोणाशी तरी गप्पा मारत बसला, आणि तिच्या मनात आलं, हा कधीही चढेल, कधीही निघेल, आपल्याला काही देणंघेणं नाही. पाय शांत झाला.

वेराक्रूझच्या पुढं, जिथं रस्त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी येते, तिथं एक बाई बर्फाची पेटी घेऊन बसमध्ये चढली. तिच्याकडं शेंगदाण्याचा तोरितो होता, घट्ट, गार, दुधासारखा, आणि पोटात उसाची दारू लपवलेला. लेओबार्दोनं दोन घेतले. फुरंगटणं संपल्याची ती खूण होती.

"सांभाळून हं," विकणारी म्हणाली. "लागतो गोड, पण पायात येतो."

"आम्हाला कुठं चालायचंय," अंपारो म्हणाली.

तमाल खाल्ले, तोरितो प्यायले. तो आणखी एक प्यावा का यावर थोडी चर्चा झाली आणि तोही प्यायला गेला. ऊन काचेतून मांडीवर येऊन बसलं होतं, मांजरासारखं. लेओबार्दो तिला सांगत होता की इथल्या एका जातीच्या ऑर्किडला फक्त संध्याकाळी वास येतो, दिवसा नाक लावलं तरी काही नाही, आणि सांगता सांगता त्याचं वाक्य मध्येच थांबलं. तिनं पाहिलं तर त्याची हनुवटी छातीवर टेकलेली. अंपारोनं मनात म्हटलं, आता एकानं जागं राहायला हवं. तेवढं म्हणण्यापुरतीच ती जागी होती.

तिला झोप आली ती अशी आली नाही की मिटले डोळे आणि गेलं भान. ती झोपेत हळूहळू उतरत गेली, पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरावं तशी. इंजिनाचा आवाज आईच्या घरातल्या शिवणयंत्राचा झाला. कोणी तरी शिवत होतं, लांब, संपणारच नाही असं कापड. मग बस म्हणजे घरच होतं, आणि घर चाललं होतं, आणि पडद्याआडून बाहेर ऊस चालला होता. आई मागच्या खोलीत झोपली होती. बाबा झोपले होते. सगळे झोपले होते आणि तरी घर वळणं बरोबर घेत होतं. तिला वाटलं, जाऊन बघावं चालवतंय कोण. मग वाटलं, कशाला. एकदा तिनं डोळे उघडले. खिडकीत पाणीच पाणी होतं, राखाडी, आणि त्यात डोंगर उलटे उभे. कोणी तरी लांबून एका गावाचं नाव पुकारत होतं. तिला ते नाव ओळखीचं वाटलं. बस पाण्यावरून चाललीय, ती समाधानानं मनात म्हणाली, आणि पुन्हा खाली गेली, आणखी खोल, जिथं आवाजही येत नव्हता.

जाग आली ती शांततेमुळं. इंजिन बंद होतं. बसमध्ये कोणी नव्हतं. ऊन पिवळं होऊन तिरपं झालं होतं, आणि लेओबार्दोचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, तिचं त्याच्या डोक्यावर. तिनं हलकेच मान सरळ केली. बाहेर एक मोकळं पटांगण होतं, पलीकडं रुंद, मातकट नदी, आणि काठानं गुलाबी फुलांची झाडं, पान एक नाही, नुसती फुलं.

पायरीवर बसून चालक मक्याच्या पोळीत, टोर्तियात, काही तरी गुंडाळून खात होता.

"कातेमाको आलं का?" अंपारोनं विचारलं.

त्यानं घास गिळला. "कातेमाको कधीच गेलं, काकू. हे पासो दे ला गार्सा. शेवटचा थांबा. याच्या पुढं रस्ता नाही."

"तुम्ही उठवलं नाहीत?"

"दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा जवळ येऊन बघितलं. तुम्ही दोघं अशी झोपला होता की मला वाटलं, तिकीट इथलंच असणार. एवढ्या जवळच्या गावाला कोणी असं झोपत नाही."

लेओबार्दो जागा झाला तो ताडकन उभाच राहिला आणि त्याचं डोकं वरच्या फळीला आपटलं. काय झालंय ते कळल्यावर तो पार ओशाळला. न्यायला निघाला होता तो, आणि नेऊन सोडलं होतं भलतीकडं. परतीची बस किती वाजता, त्यानं विचारलं. सकाळी, चालक म्हणाला. टॅक्सी? टॅक्सी नाही. मग भाड्याची गाडी तरी?

चालक मनापासून हसला. "इथं भाड्यानं होडी मिळते, काका. नाही तर घोडा. घोडा चावतो."

रात्रीपुरती खोली निन्फाबाईंकडं मिळेल, असं त्यानंच सांगितलं. निन्फाबाईंचं घर नदीच्या अगदी काठावर होतं, निळं रंगवलेलं, पुढं ओटा. त्या अंगणात दोरीवरच्या चादरी झटकत होत्या. जवळच कुठं तरी ऊस जाळला होता आणि आकाशातून राखेचे काळे लांबट तुकडे पडत होते, चादरींवर, कोंबड्यांवर, गुलाबी फुलांवर. कोणी त्याची दखल घेत नव्हतं.

"धुतलं की हे पडणार," निन्फाबाई म्हणाल्या. "हंगाम संपेपर्यंत आमची अंथरुणं ठिपक्यांचीच. तुम्ही कोणाकडं आलात?"

"कोणाकडं नाही," अंपारो म्हणाली. "झोपेत आलो."

निन्फाबाईंना यात काही नवल वाटलं नाही. "येतात," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक दारू पिऊन येतात."

"थोडी तीही प्यायलो होतो," लेओबार्दो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि बाई हसत हसत खोली उघडायला गेल्या.

संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली. समोर नदी इतकी हळू वाहत होती की ती कुठल्या बाजूला चाललीय हे कळायला तिच्यावरच्या एखाद्या फांदीकडं बघत राहावं लागे. निन्फाबाईंनी तळलेले मासे आणि भात आणून दिला. लेओबार्दो ताटातला मासा नुसता उलटसुलट करत होता.

"बोल," अंपारो म्हणाली.

"गाडी असती तर आत्ता आपण तळ्याकाठी असतो. सुनेनं एवढी चांगली खोली घेतली होती. म्हणे खिडकीतून तळं दिसतं."

"तळं मी पाहिलं."

"कधी?"

"वाटेत. डोंगर उलटे होते त्यात." तिनं माशाचा काटा बाजूला काढला. "गाडी असती तर तळ्याकाठी मी एव्हाना दमून पडले असते, आणि तू मला विचारलं असतंस काय झालं, आणि मी म्हटलं असतं काही नाही. लेओबार्दो, मी दुपारी झोपले. दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, तोंड उघडं टाकून. मला किती बरं वाटतंय हे तुला कसं सांगू?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती खरंच वेगळी दिसत होती. गालावर अजून त्याच्या केसांचे बारीक वळ उमटलेले होते.

अंधार पडायच्या आतच ती आत जाऊन पडली, आणि लेओबार्दोनं पांघरूण घालेपर्यंत झोपलीही.

सकाळी तो नेहमीसारखा लवकर उठला. रोपांना पाणी घालायची सवय. इथं रोपं नव्हती, म्हणून कपडे करून, पिशवी भरून, पलंगाच्या कडेला बसून राहिला. फटीतून ऊन आत आलं. पटांगणाकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. अंपारो कुशीवर होती, दोन्ही तळवे गालाखाली, श्वास लांब. तिचा उजवा पाय पांघरुणाबाहेर आला होता आणि अगदी सैल पडला होता.

त्यानं तिच्या खांद्यापर्यंत हात नेला. चालकानं भोंगा वाजवला. लेओबार्दोला माहीत होतं की आता उठवलं तर ती लगेच उठेल, रागावणार नाही, पटकन केस बांधेल आणि पळेल. तिचा जन्म तशा उठण्यात गेला होता. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. त्यानं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. बस निघाल्याचा आवाज आला, मोठा झाला, लहान झाला, आणि मग नुसत्या कोंबड्या ऐकू येऊ लागल्या. तो तसाच बसून राहिला. आयुष्यात त्यानं पुष्कळ गोष्टी उगवायची वाट पाहिली होती, पण कोणाच्या झोपेजवळ असं बसायला मिळालं नव्हतं. त्याला वाटलं, हेच तर मला हवं होतं. गाडीत मला जे करायचं होतं ते हेच.

अंपारो उठली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं.

"बस?" तिनं विचारलं.

"गेली."

"तू उठवलं नाहीस?"

"एकदाच ओरडलो," लेओबार्दो म्हणाला. "मनात."

तिनं उशी उचलून त्याच्या पाठीत घातली. मग तिला हसू आलं, आणि ते आवरेना.

दुपारी निन्फाबाईंच्या फोनवरून तिनं बहिणीला कळवलं.

"कशी आहे खोली? तळं दिसतं का?" ओतिलियानं विचारलं.

"आम्ही नदीवर आहोत, ताई. बसमध्ये झोपलो आणि पुढं आलो."

"मी सांगत होते, गाडी करा. सांगत होते की नाही? आता काय, परत येताय?"

"नाही. इथंच राहतोय चारपाच दिवस."

"तिथं आहे काय?"

"काही नाही. झोप आहे."

तारेत नुसती खरखर ऐकू आली. मग तिचा आवाज आला, जरा खाली आलेला. "तुला तेव्हाही झोप यायची का गं? त्या घाटात?"

"यायची."

"मग मला का नाही उठवलंस कधी?"

अंपारोनं नदीकडं पाहिलं. उत्तर बरंच मोठं होतं आणि फोन दुसऱ्याचा होता. "तू छान झोपायचीस," ती म्हणाली. "उठवायला माझा जीव व्हायचा नाही." आणि ते खोटं नव्हतं.

सुनेनं हॉटेलला कळवून टाकलं, थोडी रुसली, मग हसली. पुढचे दिवस दोघांचे कसे गेले ते त्यांना नंतर नीट सांगता येईना. सकाळ आणि दुपार एकमेकांत मिसळून जायची. लेओबार्दो काठाकाठानं हिंडायचा, झाडांच्या फांद्यांत वर बघत. अंपारो कधी बरोबर असे, कधी ओट्यावर टांगलेल्या दोरीच्या झोळीत. जाग आली की तिला वाटे अजून बस चाललीय. पायाखाली गुलाबी फुलं आणि काळी राख यांचा असा थर साचला होता की चालताना आवाज येत नसे. गावातली माणसं त्यांना 'झोपेत आलेले' म्हणू लागली. झोपेत आलेल्यांना दोन अंडी द्या. झोपेतली बाई आज लवकर उठली बरं का. अंपारोला पहिल्यांदा संकोच वाटला, मग ती त्या नावाला ओ देऊ लागली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर दोघं तराफ्याच्या घाटावर गेली. लाकडी फळ्यांचा चौकोनी तराफा, दोन काठांना बांधलेल्या जाड दोरावर सरकणारा. त्यावर एक गाय उभी होती, एक मोटरसायकल, आणि तराफेवाला, डोक्यावर पामच्या पानांची टोपी घातलेला उंच म्हातारा.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

"पलीकडं," लेओबार्दो म्हणाला.

"पलीकडं काही नाही. लोपेसांचं शेत आहे. ही गाय त्यांची."

"मग आम्ही गायीबरोबर येतो," अंपारो म्हणाली.

म्हाताऱ्यानं खांदे उडवले आणि दोर ओढायला लागला. तराफा सुटला. काठ मागं सरकला, निळं घर लहान झालं. मधोमध आल्यावर आवाज सगळे थांबले. फक्त दोरावरून कप्पी सरकत होती आणि फळ्यांखालून पाणी जात होतं. वरून राखेचे तुकडे येत होते, वाऱ्यावर डोलत, आणि पाण्यावर टेकले की क्षणभर तसेच राहून मग प्रवाहाबरोबर निघून जात होते. गाय डोळे मिटून रवंथ करत होती. अंपारो कठड्याला टेकून उभी होती. तिचे डोळे उघडे होते आणि तिला मुळीच झोप येत नव्हती.

"ओढून बघायचंय?" म्हाताऱ्यानं लेओबार्दोला विचारलं, घाम पुसत.

लेओबार्दोनं दोर हातात घेतला. दोर ओला आणि खरखरीत होता. त्यानं ओढला आणि तराफा, गायीसकट आणि बायकोसकट, पुढं सरकला. त्यानं पुन्हा ओढला. अंपारो आली आणि त्याच्या मागं उभं राहून तिनंही दोराला हात घातला, जोर न लावता, नुसता.

पलीकडं खरंच काही नव्हतं. शेताची वाट होती, एक फाटक होतं, आणि त्याच्या पुढं कापलेल्या उसाचं मोकळं रान, दूर झाडांपर्यंत. गाय उतरली आणि आपली आपण वाटेला लागली. तिच्या मागून दोघंही निघाली.

"तुम्हाला न्यायला परत कधी येऊ, तेवढं सांगून जा," म्हातारा काठावरून म्हणाला.

"आम्ही काठावर दिसलो की या," अंपारो म्हणाली, आणि चालत राहिली.